बोगद्यातली अडतीस मिनिटं

भूत म्हटलं की ज्यांना अमावस्येची रात्र आणि पांढरी साडीच लागते, त्यांनी पुढे वाचू नये. त्यांच्यासाठी यात काही नाही.

हे भर दुपारी घडलं.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. बारा वाजून चार मिनिटं ते बारा बेचाळीस. जागा म्हणजे हिवरा आश्रमाहून सुलतानपूरकडे आतून जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्यावरचा, नव्या मोठ्या महामार्गाखालचा एक बोगदा. जवळच्या गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. तिथे माणसं राहतात.

वेळ इतकी नेमकी सांगतोय, कारण ती यंत्रात नोंदली गेली आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

जिच्यासोबत घडलं ती माझी चुलतबहीण. जयमालाताई.

ताई चिखलीला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. वय पंचेचाळीस. एकटी राहते. तिला माणसं आवडत नाहीत असं नाही. तिला चुकणारी माणसं आवडत नाहीत. आणि तिच्या मते सगळीच चुकतात.

चिखलीत सायकलवाल्यांचा एक ग्रुप होता, अजूनही आहे. डॉक्टर, दुकानदार, दोन-तीन मास्तर. सकाळी घट्ट कपडे घालून निघायचं, पंधरा किलोमीटरवर कचोरी खायची, तसंच परत यायचं आणि दिवसभर एकमेकांच्या फोटोंना अंगठे द्यायचे. ताई त्यात होती ती फक्त सायकल चालवायची म्हणून. ग्रुपमधल्या एकाचंही तिच्याबद्दल चांगलं मत नव्हतं आणि तिचं एकाबद्दलही नव्हतं.

त्याआधीच्या ऑक्टोबरात हा ग्रुप लोणारहून परत येताना रस्ता चुकला.

पुढे होता दीपक. ग्रुपचा अध्यक्ष, गिट्टी-सिमेंटचा ठेकेदार. नकाशा त्याच्या मोबाइलवर. मोबाइल उन्हाने तापून बंद पडला आणि हे चौदा शहाणे तीन तास शेतांमधल्या पांदणी तुडवत फिरले. कुठून गेले, कुठे निघाले, कोणालाच कळलं नाही. शेतात माणसं होती. पण विचारलं एकानेही नाही. आपल्याच जिल्ह्यात रस्ता विचारायचा म्हणजे इज्जत जाते ना!

तेव्हाच ठरलं. सायकलच्या हँडलला लावायचं जीपीएस यंत्र घ्यायचं. सगळ्यांनी एकच मॉडेल. आणि कोणतं घ्यायचं ते ठरवायचं काम ताईने स्वतःकडे घेतलं.

"तुम्ही निवडाल तर रंग बघून निवडाल," असं ती बैठकीत म्हणाली. सगळ्यांच्या तोंडावर.

खामगाव रोडवर अल्तमशचं सायकलचं दुकान आहे. त्याने तीन यंत्रं काढून काउंटरवर ठेवली.

"म्यॅडम, तिन्ही घेऊन जा. चालवून पाहा. मंग सांगा."

"तू कोणतं वापरतोस?"

अल्तमश हसला. "मले काऊन लागते? मी लोकायले इचारत जातो."

"म्हणूनच तू पंक्चर काढत बसलास," ताई म्हणाली.

तिसरं, सगळ्यात महाग यंत्र त्याने समजावून सांगितलं. त्याच्यासोबत एक छोटा रडार येतो. तो सीटखाली लावायचा. मागून काही आलं की पीं वाजतं आणि पडद्याच्या कडेला एक ठिपका दिसतो. वस्तू जवळ येईल तसा ठिपका वर चढतो.

"आन् हा पट्टा छातीले बांधला का दिलाचे ठोके बी दिसतात."

"माझे ठोके मला माहीत आहेत. राहू दे."

पट्टा तिने दुकानातच ठेवला. हे लक्षात असू द्या.

रविवारी ती दीपकबरोबर निघाली. दीपक एक तास उशिरा आला. वर नवीन जॅकेट दाखवत बसला. रस्त्यात पहिल्या यंत्राचा पडदा उन्हात दिसेना. ताईने ते खिशात टाकलं. दुसरं यंत्र प्रत्येक कालव्यापाशी "वळा, वळा" म्हणून कोकलायला लागलं. तेही बंद केलं. उरलं महागडं.

हिवरा आश्रमाला पोचेपर्यंत साडेअकरा होत आले होते. तिथे दीपक उतरला. मागचं चाक दाबून पाहिलं.

"मॅडम, हवा कमी वाटून राह्यली. पाच मिनिटं थांबा ना."

"तुझी पाच मिनिटं मला माहीत आहेत. भजी दिसली तुला."

"अवो नाही, खरंच..."

ती निघून गेली. यंत्राने सांगितलं तसं उजवीकडे वळली.

रस्ता अरुंद. कडेचं डांबर तुटलेलं. एका बाजूला हरभऱ्याची रिकामी वावरं, दुसऱ्या बाजूला गहू. ऊन चांगलंच चढलं होतं. माणूस म्हणून दिसत नव्हता. वारासुद्धा पडला होता.

सात-आठ किलोमीटर गेल्यावर...

पीं.

पडद्याच्या कडेला ठिपका आला.

मोटरसायकल असेल म्हणून ताईने सायकल कडेला घेतली. कोणी पुढे गेलं नाही. ठिपका तिथेच. वर चढेना, खाली उतरेना. ती हळू झाली की तो हळू. ती जोरात गेली की तोही.

म्हणजे दीपक. आला वाटतं हवा भरून.

तिने मागे वळून पाहिलं नाही. मागे बघायचं म्हणजे त्याला भाव द्यायचा.

"आलास का?" ती समोर बघतच म्हणाली. "भजी संपली?"

उत्तर नाही.

पण आवाज येत होता.

चर्र... चर्र... चर्र...

तेल नसलेली चेन.

"एवढी महागाची सायकल घेतलीस, दोन थेंब तेल नाही टाकता येत?"

चर्र... चर्र...

"आणि धापा किती टाकतोस रे! बायकांसारखं नटायला सांगा फक्त."

धाप खरंच ऐकू येत होती. अगदी पाठीशी. जड. मध्येच अडकणारी.

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली. 'हृदयाचे ठोके सापडले. जोडायचे?'

दीपकने त्याचा स्वतःचा पट्टा बांधला असेल, तोच पकडला असेल यंत्राने. ताईने 'हो' दाबलं. हृदयाची लाल खूण आली. बाजूला आकडा.

एकशे अठरा.

"सपाट रस्त्यावर एकशे अठरा?" ती हसली. "अध्यक्ष आहात, जरा वजन कमी करा."

असं ती जवळजवळ दोन किलोमीटर बोलत राहिली. एकटीच. त्याच्या जॅकेटवर, त्याच्या ठेकेदारीवर, त्याच्या इंग्रजीवर. मनात साठलेलं सगळं बाहेर काढलं. एकाही गोष्टीवर तो उलटून बोलला नाही.

मग तिला ते खटकलं.

दीपक गप्प बसणारा माणूस नाही.

तिने वळून पाहिलं...

मागे सरळसोट रस्ता. एक किलोमीटरपर्यंत नजर जात होती. कोणीही नव्हतं.

पडद्यावर ठिपका होता.

इथे दुसरं कोणी घाबरलं असतं. ताईला राग आला. "भंगार," ती मोठ्याने म्हणाली. "एवढे पैसे घेऊन हे भंगार विकतात." ती उतरली, सीटखालचा रडार उपटला आणि पाठीच्या खिशात टाकला. ठिपका गेला. चेनचा आवाजही थांबला. धापही.

आकडा मात्र राहिला.

एकशे चार.

यंत्र बंद करून पुन्हा लावता आलं असतं. तिने तसं केलं नाही. तिला त्याची चूक पकडायची होती. अल्तमशच्या काउंटरवर ते आपटून "हे बघ" म्हणायचं होतं.

ती पुन्हा निघाली. समोर महामार्गाचा उंच भराव दिसायला लागला. त्याच्या पोटात काळा चौकोन. बोगदा.

साठ-सत्तर पावलांचा असेल. असले बोगदे त्या पट्ट्यात सगळीकडे आहेत, सगळे एकसारखे. उन्हातून एकदम आत गेलं की डोळ्यांना काही दिसत नाही. वरून ट्रक गेला की छत गुरगुरतं.

बारा वाजून चार मिनिटांनी ती आत शिरली.

मध्यावर पोचली असेल...

धाड!

मागे सायकल पडली.

आणि पाठोपाठ, पडलेल्या सायकलचं चाक रिकामं फिरतं, तो आवाज. टिकटिकटिकटिक... टिक... टिक...

टिक.

सायकल चालवणाऱ्या माणसाला हा आवाज झोपेतसुद्धा ओळखू येतो.

ताईने ब्रेक दाबले. वळली. डोळे सरावले. बोगदा रिकामा होता. शेळ्यांच्या लेंड्या, गुटख्याच्या पुड्या, भिंतीवर कोणाच्या तरी प्रेमाची जाहिरात. बास.

आकडा अठ्ठ्याऐंशी.

ती गणिताची बाई. तिने पडताळा घेतला. सायकल ढकलत बोगद्याबाहेर गेली. आकडा गेला, नुसत्या दोन रेघा. आत आली. आकडा परत. पुन्हा बाहेर. रेघा. पुन्हा आत. आकडा. डाव्या भिंतीपाशी एका जागी तो अजिबात हलत नव्हता.

कोणाचा तरी पट्टा इथे पडला असेल, असं तिला वाटलं. ती वाकून शोधायला लागली. मोबाइलचा उजेड पाडला. काही नाही.

आणि मग तिच्या लक्षात आलं. पट्टा पडलेला असता तरी त्याने काही दाखवलं नसतं.

ठोक्यांना छाती लागते.

एकाहत्तर.

आता ती घाबरली. निघावं म्हणून तिने पाय उचलला.

खर्रर्र...

सायकलच्या बुटाला चिकटपट्टी असते, ओढून लावायची. तिच्या उजव्या बुटाची ती पट्टी आपोआप उघडली. कोणीतरी खालून धरून ओढावी तशी. हळू. पूर्ण.

खाली कोणी नव्हतं.

पळून जायचं सोडून ताई तिथेच उभी राहिली. मी तिला नंतर विचारलं, का थांबलीस? ती म्हणाली, "आकडा उतरत होता रे. उतरताना सोडून जाता येईना."

बासष्ट.

चोपन्न.

"कोण आहे?" तिने विचारलं.

छप्पन्न.

तिला वाटलं, योगायोग. ती गप्प राहिली. पन्नास झाले. सत्तेचाळीस.

"अहो... बरं वाटत नाहीये का?"

एकावन्न.

ती बोलली की आकडा थोडा वर यायचा. ती थांबली की उतरायचा. मग ती बोलत राहिली. पण काय बोलणार? माणसांशी धड बोलायची तिला सवयच नाही. सुचेल ते बोलून संपलं. शेवटी तिने पाढे म्हटले. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. घसा कोरडा पडला तरी म्हणत राहिली. अंगावरचा घाम गार झाला. वर ट्रक जात होते, छत गुरगुरत होतं आणि माझी बहीण रिकाम्या बोगद्यात भिंतीकडे तोंड करून पाढे म्हणत उभी होती.

चव्वेचाळीस. अडतीस. एकतीस...

सदतीसच्या पाढ्यात आकडा गेला.

दोन रेघा.

बारा बेचाळीस.

ती कशी बाहेर आली, तिला आठवत नाही. मोबाइलला रेंज आली तसा तिने दीपकला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"मी तं हिवऱ्यातच हाओ मॅडम. ट्यूब फाटली ना. दुसरी टाकून राह्यलो."

"पट्टा बांधला होतास? छातीला?"

"पट्टा? तो घरीच राह्यला ना बाप्पा. काऊन?"

तिने फोन ठेवला.

बोगद्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. तिचं नाव शालूबाई. ती मघापासून ताईकडे बघत होती.

"बाई, कवाच्यान आत-बाहेर करून राह्यल्या. काही हरपलं का?"

ताईने मान हलवली.

"त्या जागी थांबू नये," शालूबाई म्हणाली. "डाव्या भिताडापाशी. तिथंच गेला मोतीराम."

"कोण मोतीराम?"

"आमच्या गावचा. वावरातून जेवाले घरी चालला व्हता सायकलनं. ऑक्टोबरात, सोयाबीनच्या दिवसात. छातीत कळ आली आन् पडला. लय येळ जिता व्हता म्हन्तेत."

"कोणी थांबलं नाही?"

"कोन थांबते? दारू पेला असन, असंच वाटते लोकायले. थेंबाले शिवला नाही तो जल्मात." शालूबाईने एका शेळीला काठीने अलीकडे ओढलं. "म्या पाह्यलं ना वरून, त्या टेकाडावरून. तो पडेल दिसे, पन कोन हाय ते कळे ना. मी खाली येनारच व्हती. तं सायकलवाले आले. तुमच्यावानीच, रंगीबेरंगी कपड्यायचे. धा-पंधरा व्हते. थांबले त्याच्यापाशी. पाह्यलं. आन् हसले. समदे हसले. मंग गेले निंगून. मले वाटलं, हसले म्हंजे काही नसन. गंमत असन. म्हून मी आलीच नाही खाली."

ताई म्हणते, त्या क्षणी ऊन एकदम पांढरं झालं.

ऑक्टोबर. रस्ता चुकलेला ग्रुप. एक बोगदा. सायकलशेजारी आडवा पडलेला माणूस. त्याने हात वर केला होता. थोडासाच. बोटं तिच्या बुटाकडे आली होती.

आणि ती म्हणाली होती, "हात वर करतोय बघा. हजेरी देतोय, गुत्त्याच्या दुपारच्या पाळीची."

सगळे हसले होते. ग्रुपमध्ये तिच्या विनोदाला मिळालेली ती एकमेव दाद. दीपक तो विनोद पुढे महिनाभर सांगत होता.

त्या दिवशी ती सायकल टेम्पोत टाकून घरी आली. संध्याकाळी दीपकला बोलावून तिने सगळं सांगितलं. यंत्र संगणकाला लावून आलेख दाखवला. बोगद्याआधीच सुरू झालेली लाल रेघ, बारा चारनंतर हळूहळू उतरत, बारा बेचाळीसला संपलेली. मध्ये मध्ये छोटे उंचवटे. ती बोलली तिथे.

दीपकने वाकून पाहिलं.

"शेजारच्या वावरात कोनाच्या हातात तसलं घड्याळ असन. सिग्नल पकडते कधी कधी. आन् ऊन लागलं तुम्हाले."

"आणि तो माणूस, दीपक?"

तो सरळ उभा राहिला. मग म्हणाला, "चौदा जनं होतो मॅडम आपन. तुमी एकट्याच काऊन मनावर घेता?"

हे वाक्य बोलून तो घरी गेला आणि जेवून झोपला असणार. मला खात्री आहे. असल्या लोकांना झोप चांगली लागते.

ग्रुपने शेवटी तेच महागडं मॉडेल घेतलं. ताईला विचारलं नाही. केशरी रंगात मिळत होतं म्हणून घेतलं.

एप्रिलमध्ये ताईचा मला फोन आला. "गाडी घेऊन ये. एके ठिकाणी जायचंय." वाटेत तिने आंबे घेतले. गावात पोचल्यावर ते गाडीतच ठेवले.

मोतीरामचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे सारवलेलं अंगण. त्याची बायको विमलबाई घरीच होती. तिने आम्हाला खाटेवर बसवलं. कोपऱ्यात पोत्यांवर एक जुनी काळी सायकल आडवी ठेवली होती. चाकांत हवा नव्हती. चेन गंजलेली.

ताईने घरी बरंच काही ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तिच्या तोंडून निघेना. मीच सांगितलं, या चिखलीच्या कॉलेजातल्या मॅडम, मोतीरामभाऊंबद्दल कळलं म्हणून भेटायला आल्या.

विमलबाईला वाटलं असेल, सरकारी काही काम आहे. तिने पदर नीट केला.

"म्यॅडम, तुमी शिकेल हा. मले एक सांगा. डाक्टर म्हने का तो जागीच गेला. तरास झाला नसन म्हने. खरं असन का हे?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. लगेच गेले ते. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल."

विमलबाईने सुटकेचा श्वास सोडला. आणि मग तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"तुमाले कसं माहीत?"

ताईने कोपऱ्यातल्या सायकलकडे पाहिलं.

"तुमी व्हत्या का तिथं? शालूबाई सांगते त्या सायकलवाल्यायत?"

"हो," ताई म्हणाली.

विमलबाईने तिला नखशिखान्त पाहिलं. तसं बघताना मी ताईला आजवर हजार वेळा पाहिलंय. वर्गातल्या नापास पोरांकडे, दुकानदारांकडे, माझ्याकडे. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याकडे कोणी तसं बघत होतं. ती खाली मान घालून बसली होती.

तेवढ्यात बाहेर अंगणात...

खट्ट.

सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज.

मी दाराकडे पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. सायकल तर आत होती, आमच्यासमोर, पोत्यांवर. माझ्या मोबाइलमध्ये बारा पंचेचाळीस झाले होते.

विमलबाई उठली. दचकली वगैरे नाही. माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि उंबऱ्याबाहेर ठेवून आली.

"रोज येते," ती म्हणाली. "जेवाच्या टायमाले. आत येत नाही. पन येते." मग ती दाराशीच उभी राहिली. "जा आता तुमी."

आम्ही निघालो. परतीच्या रस्त्यात ताईने तो बोगदा टाळायला सांगितला. मी मेहकरवरून गाडी घेतली.

नऊ दिवसांनी, संध्याकाळी मी ताईकडे बसलो असताना विमलबाईचा फोन आला. नंबर तिने कॉलेजातून मिळवला होता. ताईने स्पीकर लावला.

"म्यॅडम, तुमी येऊन गेल्या तवापासून आवाज बंद झाला."

ताईला खरंच बरं वाटलं. मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. "चांगलं झालं ना," ती म्हणाली. "सुटले असतील ते."

"चांगलं?"

विमलबाईचा आवाज चढला.

"पानी ठेवतो मी रोज. तसंच राह्यते. तेवढंच तं उरलं व्हतं माह्याकडं, बाई. आधी त्याले पाहून हसल्या. आता घेऊनच गेल्या का?"

फोन बंद झाला.

ताईने सायकल विकून टाकली. ग्रुप सोडला. आता ती कोणाला काही बोलत नाही. रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं की थांबते. बहुतेक वेळा तो प्यायलेलाच असतो आणि तिला शिव्या घालतो. ती ऐकून घेते.

तिचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. मी जातो तिच्याकडे, पण संध्याकाळी. दुपारचं जायला मला काही ना काही काम निघतं.

मागच्या आठवड्यात जिना चढताना खालच्या मजल्यावरच्या सिंधूताईंनी मला अडवलं.

"तुम्ही भाऊ ना त्यांचे? जरा सांगा त्यायले. दुपारच्या पावणेएकला रोज कोनीतरी जिन्यात सायकल आणून लावते. वर, त्यायच्या दारापाशी. खट्टदिशी आवाज येते. माह्या नातवाची झोपमोड होते."

मी म्हणालो, विचारतो.

अजून विचारलेलं नाही.